मेळघाटातले बंगले

वैशाखात आमच्या मानवतला बोलणे निघते ते पाण्याचे आणि उन्हाचे. कापसावर जगणाऱ्या या गावाला थंड हवेच्या ठिकाणी जाऊन राहण्याची चैन फारशी परवडलेली नाही. तरीही चिखलदऱ्याच्या इतिहासावर आम्हा मराठवाड्यातल्या माणसांचा थोडा हक्क पोहोचतो असे मला वाटते. तो डोंगरही एके काळी निजामाच्याच राज्यात होता.

१८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीने भोसल्यांचा गाविलगड घेतला. तहाने गड नागपूरकरांना परत मिळाला, पण १८२२ मध्ये तो मुलूख निजामाकडे आला. पुढल्याच वर्षी हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने चिखलदऱ्याचे पठार शोधून काढले असे सांगतात. शोधले ते साहेबांपुरते. कोरकू त्या डोंगरात पूर्वीपासून नांदत होते, आणि भीमाने कीचकाला मारून लोटले ती हीच दरी, म्हणून कीचकदरा, ही कथाही लोकांच्या तोंडी होती. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. मानवत निजामाकडेच राहिले. मग सुमारे ३,६०० फूट उंचीवरच्या त्या गारव्यात अंमलदारांचे बंगले उठले, कॉफीची लागवड झाली आणि जंगलात वनखात्याची विश्रामगृहे उभी राहिली.

विश्रामगृह हा शब्द मोठा फसवा आहे. साग मोजायला आणि रान तपासायला निघालेल्या अधिकाऱ्याचा तो मुक्काम. त्याच्यासाठी पाणी भरणारा, लाकूड फोडणारा हात बहुधा कोरकूचा असे. जंगलात वनग्रामे वसवली गेली, तीही मजूर हाताशी असावेत म्हणून.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान. आता सेमाडोह, कोलकास येथे सुट्टीचे पाहुणे उतरतात. सिपनेच्या काठी रात्र काढावी, असे मलाही वाटते. पण या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे त्याच रानातून बाहेर हलवली गेली. वाघाला जागा हवी, हे मला मान्य आहे. मात्र १९७६ मध्ये पुऱ्या झालेल्या जायकवाडीचे पाणी आमच्या जिल्ह्यात आले, त्याखाली पैठणच्या वरची गावे बुडाली. दुसऱ्याने सोडलेल्या जमिनीवर आपले सुख उभे असते, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. कोलकासला दोन रात्री राहणाऱ्याने खानसाम्याला इतके तरी विचारावे : बाबा, तुमचे गाव मूळचे कोठले?