अक्षय्य मानलेली मासळी

पाठीवर भलामोठा मासा घेऊन उभ्या असलेल्या कोळ्याचे चित्र एका औषधाच्या बाटलीवर आपल्याकडील अनेकांनी लहानपणी पाहिलेले असते. ज्याच्या यकृताचे तेल मुलांना नाक दाबून पाजले जाई, तो हा कॉड मासा. आपल्या समुद्रात तो सापडत नाही. उत्तर अटलांटिकचे थंड पाणी हे त्याचे घर होय. युरोपच्या आहारात व व्यापारात सुमारे पाच शतके मानाचे स्थान भोगल्यानंतर हाच मासा न्यूफाउंडलंड बेटाच्या परिसरातून जवळजवळ नाहीसा झाला. हा ऱ्हास माणसाच्या जाळ्याने घडविला की समुद्राच्या लहरीने, हा वाद पुढे पुष्कळ रंगला.

या कहाणीचा आरंभ १४९७ साली होतो. इंग्लंडच्या ब्रिस्टल बंदरातून निघालेला इटालियन दर्यावर्दी जॉन कॅबट त्या वर्षी अटलांटिक ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला लागला. त्याच्या सफरीची वार्ता मिलानच्या ड्यूकला कळविताना ड्यूकच्या लंडनमधील वकिलाने एक नवल लिहून ठेवले आहे. त्या समुद्रात मासळी इतकी विपुल की जाळ्याचेही कारण पडत नाही. टोपलीला दगड बांधून ती पाण्यात सोडली तरी भरून वर येते, असे खलाशी सांगत होते.

या विपुलतेला भौगोलिक कारण होते. न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेस समुद्राखाली उथळ पठारे पसरलेली आहेत. त्यांना ग्रँड बँक्स म्हणतात. उत्तरेकडून येणारा लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि दक्षिणेकडून येणारा उष्ण गल्फ प्रवाह यांची तेथे गाठ पडते. त्यामुळे दाट धुके पडते, आणि पाण्यात सूक्ष्म जीवांची समृद्धीही होते. त्या जीवांवर कॅपेलिन नावाची लहान मासळी पोसते आणि कॅपेलिनवर कॉड. हिवाळ्यात खोल पाण्यात राहणारा कॉड उन्हाळ्यात कॅपेलिनच्या मागोमाग किनाऱ्याशी येई, आणि किनाऱ्यावरचे कोळी त्याची वाट पाहत असत. बास्क, पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रज कोळ्यांनीही या समुद्रावर शतकानुशतके फेऱ्या केल्या. खारवून वाळविलेला कॉड महिनोन्‌महिने टिके. कॅथलिक देशांत उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असल्यामुळे त्याला मागणीही अखंड होती.

कॉडची मोठी मादी एका हंगामात लक्षावधी अंडी घालते. तेव्हा असा मासा संपणार कसा? १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सली या थोर शास्त्रज्ञाने कॉडसारख्या मोठ्या सागरी मत्स्यसाठ्यांना बहुधा अंत नाही, असा निर्वाळा दिला. त्याच्या काळातील साधने पाहता ते विधान अगदीच अवाजवी नव्हते. परंतु साधने बदलली. १९५४ पासून समुद्रावरच मासळी कापून गोठविणारी कारखान्यासारखी जहाजे येऊ लागली. रात्र असो, वादळ असो वा बर्फ असो, ती थांबत नसत. पूर्वी या भागातील उत्तरी कॉडची वार्षिक पकड साधारणतः तीन लाख टनांच्या आत असे. १९६८ साली ती आठ लाख टनांवर गेली. दहा वर्षांनी, १९७८ साली, ती दीड लाखाच्याही खाली घसरली होती.

तत्पूर्वीच, १९७७ साली, कॅनडाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत आपला अधिकार जाहीर करून परकी जहाजांना आवर घातला. आता मासळी पुन्हा वाढेल अशी आशा होती, आणि काही काळ ती वाढलीही. परंतु परक्यांच्या जागी स्वदेशी ट्रॉलर आले. किती मासळी धरावयाची हे सरकारी शास्त्रज्ञांच्या हिशेबावरून ठरे, आणि त्या हिशेबाचा मोठा आधार ट्रॉलरच्या जाळ्यात येणारी मासळी हाच होता. येथेच घात झाला. मासळीची संख्या घटत असता उरलेली मासळी दाट थव्यांनी एकत्र जमत होती. यंत्रांच्या साहाय्याने ट्रॉलर नेमके तेच थवे गाठीत आणि जाळी पूर्वीसारखीच भरून येत. समुद्र रिता होत होता. हिशेबाच्या वहीत मात्र तो भरलेला दिसत होता. मासा कमी होत चालला आहे आणि आकारानेही लहान झाला आहे, हे किनाऱ्यावरचे कोळी तेव्हा सांगत होते; परंतु त्यांच्या बोलण्याला आकड्यांइतके वजन नव्हते. पुढे फेरतपासणी झाली तेव्हा ठरविलेल्या प्रमाणाच्या निदान दुप्पट मासे दरवर्षी मारले जात होते, असे आढळले.

अशा वेळी निसर्गही प्रतिकूल झाला. १९९० नंतरच्या वर्षांत तेथील पाणी नेहमीहून अधिक थंड झाले आणि कॅपेलिनची संख्या ढासळली. अखेर २ जुलै १९९२ रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी मासेमारीबंदी जाहीर केली. हे मंत्री स्वतः न्यूफाउंडलंडचे. बंदी दोन वर्षांपुरती सांगितली होती. कोळी आणि मासळीच्या कारखान्यांतील कामगार मिळून सुमारे तीस हजार लोकांचे काम एकाएकी गेले. किनाऱ्यावरची खेडी ओस पडू लागली. तरुण माणसे पोटासाठी मुख्य भूमीकडे निघून गेली.

मग दोष कोणाचा? जेफ्री हचिंग्ज आणि रॅन्सम मायर्स या शास्त्रज्ञांनी १९९४ साली अतिरेकी मासेमारीवरच बोट ठेवले. इतरांनी थंडी आणि उपासमार यांनाही जबाबदार धरले. परंतु ही दोन कारणे एकमेकांपासून तोडता येत नाहीत. थंडीची वर्षे त्या समुद्रात पूर्वीही येऊन गेली होती. तेव्हा लहानमोठ्या सर्व वयांचे मासे विपुल असत, आणि एका वर्षीची वीण बुडाली तरी जुन्या माद्या पुढल्या वर्षी ती भरून काढीत. जाळ्याने ही जुनी पिढीच नाहीशी केली. मग जो आघात पूर्वी सोसला गेला असता, तोच प्राणघातक ठरला.

नॉर्वेच्या उत्तरेस बॅरेंट्स समुद्रात याच सुमारास वेगळे घडले. तेथेही कॉड घटला होता. परंतु १९८९-९० च्या सुमारास पकडीची मर्यादा कठोरपणे खाली आणली गेली. पुढे समुद्राचे तापमानही अनुकूल झाले आणि २०१३ साली तेथील मर्यादा दहा लाख टनांवर नेता आली. अलीकडे तेथील साठा पुन्हा घटला आहे. निसर्गाची अनुकूलता कायमची नसते, एवढेच त्यावरून दिसते.

न्यूफाउंडलंडची दोन वर्षांची बंदी बत्तीस वर्षे लांबली. जून २०२४ मध्ये कॅनडा सरकारने ती उठविली आणि त्या हंगामासाठी १८,००० टनांची मर्यादा घातली. एवढी सूटही घाईची आहे, असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत. समुद्राचे पाणी केव्हा थंड व्हावे आणि कॅपेलिन केव्हा यावी, हे कोणत्याही मंत्र्याच्या हाती नाही. किती जाळी टाकावीत, एवढेच माणसाच्या हाती आहे. वाईट वर्षांसाठी धान्याचे बी राखून ठेवण्याची शेतकऱ्याची जुनी रीत समुद्रालाही लागू पडते, हे उमगावयास न्यूफाउंडलंडला तीस हजार लोकांची रोजी गमवावी लागली.