क्षार, महसूल आणि शेती : बुलढाणा जिल्ह्यातील खारट व चोपण भूमीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याचे स्थानिक बोलीत दोन भाग पडतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने केलेली ही विभागणी फार जुनी आहे. वऱ्हाडच्या जुन्या महसुली कारभारात याच भागांना अनुक्रमे बालाघाट व पायनघाट म्हटले जात असे. घाटावर मेहकरच्या दक्षिणेस लोणारचे खारे सरोवर आहे. घाटाखाली शेगाव, नांदुरा, संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही काठांचा खारपाणपट्टा पसरलेला आहे. पहिल्याची कीर्ती जगभर पोहोचली आहे. दुसरा भाग मात्र विहिरीचे पाणी तोंडात घेतल्यावरच आपली ओळख देतो.

या दोन्ही ठिकाणच्या क्षारांचा विचार आजवर बहुधा स्वतंत्रपणे झाला. लोणार भूशास्त्रज्ञ व पर्यटक यांच्याकडे गेले आणि खारपाणपट्टा कृषितज्ज्ञांकडे. इतिहासाच्या दृष्टीने दोन्हींचा एकत्र विचार केला असता एक समान सूत्र हाती लागते. क्षार जोपर्यंत विकता येत होता किंवा त्यावर कर बसवता येत होता, तोपर्यंत राज्यसत्तेचे त्याकडे लक्ष होते. तोच क्षार जमिनीचा व पाण्याचा दोष म्हणून रयतेच्या वाट्याला आला, तेव्हा त्याची दखल फार उशिरा घेतली गेली. हे सूत्र तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन खोलगट प्रदेश

क्षार साचण्यास दोन गोष्टी लागतात : पाण्याचा निचरा न होणे अथवा मंद होणे, आणि पर्जन्यापेक्षा बाष्पीभवन अधिक असणे. निमशुष्क हवामानामुळे दुसरी अट जिल्हाभर पुरी होते. पहिली अट लोणार व पूर्णाकाठ येथे निरनिराळ्या रीतीने पुरी झाली.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. एकोणिसाव्या शतकात ते ज्वालामुखीच्या स्फोटाने झाले असे मानले जाई. १९७३ साली फ्रेडरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने ते बेसाल्ट खडकावर झालेल्या उल्काघाताचे विवर असल्याचे सिद्ध झाले. विवरात झरे व ओहोळ येतात, परंतु बाहेर जाण्यास वाट नाही. बेसाल्टच्या झिजेतून आलेला सोडियम पाण्यातील कार्बोनेटशी संयोग पावून तेथेच राहतो आणि उन्हाळ्यागणिक अधिक दाट होतो. त्यामुळे हे पाणी केवळ खारट नसून तीव्र अल्कधर्मीही आहे.

पूर्णेचे खोरे याहून कित्येक पटींनी मोठे आहे. उत्तरेस सातपुड्याचा पायथा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये भूभ्रंशाने खचलेला हा प्रदेश जाड गाळाने भरला आहे. हा गाळ प्राचीन सरोवरात साचला की नदीच्या पुरांनी पसरला, याविषयी एकोणिसाव्या शतकापासून विचार होत आला आहे. उत्तर काहीही असले तरी परिणाम स्पष्ट आहे : सपाट भूमी, अत्यल्प उतार, चिकण मातीचे खोल थर आणि त्यांत अडकलेले क्षार. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून या पट्ट्याचे क्षेत्र सुमारे ४,६९२ चौरस किलोमीटर असून त्यात ८९४ गावे येतात असे सर्वसाधारणपणे नोंदले जाते.

लोणारचा खार : महसुलाचे साधन

लोणार हे नावच लवणाशी जोडलेले आहे. विष्णूने लवणासुराचा वध केल्याची कथा आणि दैत्यसूदनाचे मंदिर यांनी त्या नात्याला धार्मिक अधिष्ठान दिले. लीळाचरित्रातही चक्रधरस्वामींच्या संदर्भात लोणारचा उल्लेख येतो. तीर्थ आणि खार ही लोणारची दोन्ही रूपे अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस आइन-इ-अकबरीत टिपली आहेत. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात तो या स्थळाच्या पावित्र्याबरोबरच काच व साबण तयार करण्यास लागणारे द्रव्य येथे मिळते आणि त्यापासून चांगले उत्पन्न येते, असे नमूद करतो. मोगल कारभाराच्या दृष्टीने लोणार हे जमाबंदीत धरण्याजोगे ठिकाण होते, हे यावरून दिसते.

उन्हाळ्यात सरोवराचे पाणी आटू लागले की काठावरच्या चिखलातून व पाण्यातून खार काढला जाई. त्याची शुद्धता व स्वरूप यांप्रमाणे दल्ला, पापडी, भुसकी अशी निरनिराळी नावे व्यवहारात होती. बांगड्यांची काच, साबण, कापडाची रंगाई, औषधे आणि पापडखार असा त्याचा उपयोग होता. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिल्यावरही खार काढणे चालू होते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील कारखान्यांत तयार झालेला सोडा स्वस्तात उपलब्ध होऊ लागला, तसेच १८६९ नंतर बाजारात आलेल्या कृत्रिम अलिझरिनने आलाच्या तांबड्या रंगाचा व्यवसाय मोडीत काढला. लोणारच्या खाराची मागणी ज्या धंद्यांवर उभी होती, ते धंदेच पालटले. यानंतर लोणारचे महत्त्व उत्पन्नाकडून अभ्यासाकडे सरकले. २००० साली परिसरास अभयारण्याचा व २०२० साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

पूर्णाकाठच्या मिठाच्या विहिरी

घाटाखालच्या क्षाराची कथा वेगळी आहे. पूर्णेच्या गाळात मिठाच्या विहिरी खोदल्या जात. गोड्या अथवा मचूळ पाण्याचे थर ओलांडून खोलवरच्या खाऱ्या पाण्यापर्यंत पोहोचायचे, ते पाणी वर आणून उथळ वाफ्यांत वाळवायचे आणि मीठ गोळा करायचे, अशी ही रीत होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६९ साली तापी खोऱ्याच्या भूरचनेवर लिहिताना या गाळाची व त्यातील क्षारतेची दखल घेतली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडात मीठ पिकत होते, ही बाब व्यापाराच्या दृष्टीने लहान नव्हती.

ब्रिटिश मीठ-एकाधिकाराच्या चौकटीत मात्र अशा विखुरलेल्या उत्पादनास जागा नव्हती. शेकडो विहिरींवर पहारा ठेवून कर वसूल करण्यापेक्षा त्या बंद पाडणे आणि बाहेरचे करभारित मीठ विकणे सरकारला सोयीचे होते. १८८२ च्या मीठ कायद्याने ही व्यवस्था देशभर पक्की केली. पूर्णाकाठचा हा उद्योग मावळला. जमिनीतील मीठ मात्र जागेवरच राहिले.

या विहिरींना पुन्हा एकदा राजकीय अर्थ प्राप्त झाला तो एप्रिल १९३० मध्ये. दांडी येथे कायदेभंग होताच, समुद्रकिनारा नसलेल्या वऱ्हाडातील कार्यकर्त्यांनी अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार केले. पुढे जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसद येथे जंगल सत्याग्रह झाला आणि विदर्भातील आंदोलनाचे केंद्र जंगलाकडे वळले. तरीही वऱ्हाडचा मीठ सत्याग्रह कोठे व्हावा, हे खारपाणपट्ट्याच्या भूगोलाने ठरविले होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

जमीन मोजणी आणि न दिसणारा दोष

क्षाराने शेतीचे काय होते, हे सरकारी दप्तरास अगदीच अज्ञात होते असे म्हणता येणार नाही. १८६० च्या दशकात वऱ्हाडात मुंबई पद्धतीची जमाबंदी लागू झाली. या पद्धतीत मातीचा रंग व खोली पाहून प्रत ठरविली जाई आणि चुनखडी, रेती, उतार यांसारख्या दोषांसाठी प्रत खाली आणली जाई. पाणी न मुरणे हाही अशा दोषांपैकी एक मानला होता. म्हणजे दोष ओळखला गेला होता, पण तो आकारणीत सूट देण्यापुरता. तो का उद्भवतो आणि कसा निवारावा, हे प्रश्न मोजणीदाराच्या कामात बसणारे नव्हते.

शिवाय पूर्णाकाठची जमीन दिसायला उत्तम काळी असते. उत्तरेकडील उसर जमिनीप्रमाणे तिच्यावर पांढरी पुटे क्वचितच दिसतात. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या शाखामार्गाचे उद्घाटन झाले आणि घाटाखालची काळी भूमी कापसाची भूमी म्हणून ओळखली जाऊ लागली. या कीर्तीमागे तिच्यातील चोपणपणा झाकला गेला.

रयतेने मात्र स्वतःचा मार्ग काढला होता. विहिरीचे पाणी पिकास न देता पावसावर ज्वारी, कापूस व तूर आणि मुरलेल्या ओलीवर हरभरा घेणे ही या पट्ट्यातील रूढ पद्धत झाली. बाहेरून पाहणाऱ्यास हे मागासलेपण वाटले, तरी खाऱ्या पाण्याने जमीन बिघडते या अनुभवाचाच तो निष्कर्ष होता.

या अनुभवाचे शास्त्रीय स्पष्टीकरण पुढे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील डी. के. पाल, एस. एस. बालपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. निमशुष्क हवामानात मातीतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बाजूला पडतो आणि चिकण मातीच्या कणांवर सोडियमचे प्रमाण वाढते. कण विखुरतात, रंध्रे बुजतात व पाणी मुरेनासे होते. अमेरिकेतील १९५४ च्या प्रमाणानुसार विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला तरच जमीन चोपण ठरते. पूर्णा खोऱ्यातील १९९६ च्या अभ्यासात मात्र सुमारे ५ टक्क्यांपासूनच निचऱ्यावर विपरीत परिणाम दिसून आला. परक्या मोजपट्टीने निर्दोष ठरणारी जमीन प्रत्यक्षात पाणी अडवून धरत होती.

पिण्याचे पाणी आणि सिंचन

स्वातंत्र्योत्तर काळात या पट्ट्याचा प्रश्न प्रथम पिण्याच्या पाण्याच्या रूपाने पुढे आला. भूजल खारे असल्याने सातपुड्यातील वान धरणाचे पाणी नळाने आणावे लागले. संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील १४० गावांची योजना त्यातूनच उभी राहिली. शेतीच्या बाबतीत, १९६९ मध्ये अकोला येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने जिप्समचा वापर, रुंद सरी-वरंबे व शेततळी यांची शिफारस केली. ज्या चिकणपणामुळे पाणी मुरत नाही, त्याच चिकणपणामुळे शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी टिकते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही खारपाणपट्ट्यातील गावांचा स्वतंत्र समावेश करण्यात आला.

यापुढचा प्रश्न मोठ्या सिंचनाचा आहे. नांदुरा तालुक्यात पूर्णेवरील जिगाव प्रकल्पास १९९० च्या दशकात मंजुरी मिळाली. तेव्हापासून त्याचा खर्च व कालावधी दोन्ही कित्येक पटींनी वाढले. प्रकल्पाचे पाणी गोडे असेल, परंतु ते ज्या जमिनीत जाणार तिचा निचरा मंद आहे. याबाबत महाराष्ट्राचाच जुना अनुभव उद्बोधक ठरतो. पुणे जिल्ह्यात १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि पंचवीस वर्षांच्या आतच पाणथळ व खारवट झालेल्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला. हॅरॉल्ड मान व तम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर अहवाल प्रसिद्ध केला. तेथे गोड्या पाण्याने भूजल वर आणले आणि त्याबरोबर क्षारही. मूळच्याच चोपण असलेल्या पूर्णाकाठी हा धोका अधिक आहे.

निष्कर्ष

लोणारचा खार मोगल दप्तरात आला, कारण त्यातून उत्पन्न होते. पूर्णाकाठच्या मिठाच्या विहिरी ब्रिटिश कायद्याच्या कक्षेत आल्या, कारण त्यांनी कर बुडत होता. जमिनीतला क्षार मात्र जमाबंदीतील एका दोषाच्या खुणेपलीकडे गेला नाही आणि त्याचे स्वरूप उलगडण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. मधल्या काळात ते ज्ञान शेतकऱ्याच्या पीकपद्धतीत जिवंत होते.

यावरून सिंचनास विरोध करावा असा अर्थ निघत नाही. पिण्याच्या व शेतीच्या पाण्याची या गावांची गरज खरी आहे. मात्र कालव्याआधी चराचा, म्हणजे पाणी आणण्याआधी ते बाहेर काढण्याचा विचार व्हावा. जमिनीची पारख रंगावरून न करता सोडियमवरून व्हावी. आणि खाऱ्या विहिरीचे पाणी पिकास न देणाऱ्या शेतकऱ्याचे कारण आधी ऐकले जावे. पूर्णाकाठी क्षाराकडे उत्पन्नाच्या नजरेने पाहिले गेले, तेव्हा मिठाचा उद्योग गेला आणि जमीन दुर्लक्षित राहिली. आता सिंचित क्षेत्राच्या आकड्यांकडे त्याच नजरेने पाहिले गेले, तर त्याची किंमत जमिनीलाच मोजावी लागेल.