श्राव्य कथेचा पाठ : रत्नागिरीच्या बोलीचा एक पुरावा

ग्रंथ कानांनी ऐकावयाचा, ही गोष्ट मराठी समाजाला नवी नाही. श्रीधरकवींचे 'हरिविजय', 'रामविजय' व 'पांडवप्रताप' हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या प्रारंभी रचले गेले आणि त्यानंतर कित्येक पिढ्या ते डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक ग्रहण केले गेले. चातुर्मासात एकाने पोथी वाचावी आणि घरादाराने ती ऐकावी, हा कोकणातीलही परिपाठ होता. त्यामुळे २०१७ साली 'स्टोरीटेल' ही स्वीडिश संस्था भारतात आली आणि मराठी कथाकादंबऱ्या श्राव्य रूपात घरोघरी पोहोचू लागल्या, तेव्हा हे जुन्या श्रवणपरंपरेचेच नवे रूप होय, असे म्हणणे सोपे होते. हे म्हणणे खरे असले तरी अपुरे आहे. पोथी वाचणाराचा सूर ओवीच्या वृत्ताने बऱ्याच अंशी ठरवून दिलेला असे. गद्य कथेत तसा आधार नाही. कोठे थांबावे, कोणते पात्र कोणत्या हेलाने बोलते, उपरोध कोठे संपतो आणि दुःख कोठे सुरू होते, याचा निर्णय तेथे निवेदकालाच करावा लागतो. म्हणून गद्य कथेचे प्रत्येक वाचन हा त्या कथेचा एक स्वतंत्र पाठ ठरतो. प्रस्तुत लेखात हा मुद्दा रत्नागिरीच्या संदर्भात तपासावयाचा आहे.

रत्नागिरी निवडण्याचे कारण तेथील बोलींत आहे. ग्रीअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चित्पावनी, संगमेश्वरी इत्यादी बोलींचे नमुने दिलेले आहेत. नमुन्यासाठी सर्वेक्षणाने उधळ्या पुत्राचा दृष्टांत निवडला होता, म्हणजे बोलीची ओळख पटवावयास एक कथाच घेतली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. परंतु कागदावर उतरलेला नमुना उच्चाराची केवळ रूपरेषा देतो. स्वराची लांबी, वाक्याच्या शेवटी चढणारा वा उतरणारा हेल आणि अनुनासिकाची मात्रा यांना देवनागरीत पुरेशी चिन्हे नाहीत.

त्यातही जे एक चिन्ह होते ते पुढे गेले. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियम सर्वत्र रूढ झाले. या नियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध होणारे परंतु उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. 'नांव', 'पांच', 'कांही' ही रूपे 'नाव', 'पाच', 'काही' अशी झाली. छपाईच्या व शिक्षणाच्या दृष्टीने हा निर्णय सोयीचा होता, याविषयी वाद नाही. परंतु 'उच्चारात नसलेले' हे विधान प्रमाण भाषेच्या उच्चाराला धरून होते. कोकणपट्टीतील अनेक बोलींत अनुनासिक स्वर जिवंत होते व आहेत. जे एका प्रदेशात निरुपयोगी अलंकार होते, ते दुसऱ्या प्रदेशात ध्वनीचे चिन्ह होते. ते नाहीसे झाल्यावर छापील पानावरून रत्नागिरीचा माणूस नाकातून बोलेनासा झाला. हा उच्चार आता वाचकाने आठवणीने भरावयाचा, अथवा निवेदकाने ऐकवावयाचा.

श्री. ना. पेंडसे हे मूळचे दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे. त्यांची 'गारंबीचा बापू' ही कादंबरी १९५२ साली, म्हणजे उपर्युक्त नियमांच्या दहा वर्षे आधी प्रसिद्ध झाली. तिच्यातील संवादांवर हर्णै-दापोलीच्या परिसराची छाप स्पष्ट दिसते. ज्या वाचकाने ती भाषा कधी ऐकलेली नाही, तो हे संवाद अर्थाने समजू शकतो. त्यांतील लय त्याला सापडत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'अंतू बर्वा'ची गोष्ट याच्या उलट आहे. ज्या 'व्यक्ती आणि वल्ली' या ग्रंथात ही व्यक्तिरेखा आहे, त्याला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परंतु महाराष्ट्रातील फार मोठ्या समुदायाने रत्नागिरीचा हा म्हातारा वाचण्यापेक्षा लेखकाच्याच आवाजात ऐकला. त्या कथनाचे खरे यश नकलेत नाही. अंतूचा तिरका, तुटक हेल आणि निवेदकाचा स्वतःचा सम आवाज यांत लेखकाने राखलेले अंतर हे त्या यशाचे मर्म होय. हे अंतर असल्यामुळेच श्रोता अंतूच्या बोलण्याला हसतो आणि शेवटाकडे त्याच्या एकटेपणाशी येऊन थांबतो. ते अंतर मिटले असते तर उरले असते ते केवळ सोंग.

निवेदकाने किती अभिनय करावा, हा प्रश्न अन्यत्रही जुना आहे. इंग्लंडमध्ये १९३५ साली अंध वाचकांसाठी, विशेषतः युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी, ध्वनिमुद्रित ग्रंथ सुरू झाले. निवेदकाने मजकूर शक्य तितका सरळ वाचावा, श्रोता व लेखक यांच्यामध्ये येऊ नये, अशी अपेक्षा तेथे अनेकांनी व्यक्त केली. मराठीत वाचन, अभिवाचन आणि कथाकथन असे तीन शब्द या भेदासाठी सहज उपलब्ध आहेत. शंकर पाटील, द. मा. मिरासदार व व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगावी कथाकथन लोकप्रिय केल्याने तिसरा प्रकार मराठी श्रोत्याच्या विशेष परिचयाचा झाला. मात्र बोलीतील कथेच्या बाबतीत 'सरळ वाचन' ही तटस्थ भूमिका ठरत नाही. रत्नागिरीचा संवाद पुण्याच्या उच्चाराने वाचणे म्हणजे त्याचे नकळत भाषांतर करणे होय.

याचा अर्थ हेल काढला की काम झाले, असा नव्हे. रंगभूमीने व चित्रपटाने 'कोकणी हेल' म्हणून एक हसविणारा साचा रूढ केला आहे आणि काही निवेदक तोच साचा सर्व पात्रांना लावतात. वस्तुतः रत्नागिरीत भटजीचे, कुणब्याचे आणि खारव्याचे बोलणे एक नाही. तेथील हेलात जात, व्यवसाय व गाव यांचा इतिहास साठलेला आहे. सर्वांना एकच हेल देणारा निवेदक हा इतिहास पुसतो. चांगल्या निवेदनाची कसोटी म्हणूनच सोपी आहे: पात्राचे नाव न सांगता बोलणारा कोण, हे कानाला कळले पाहिजे.

असे असेल तर श्राव्य कथेकडे केवळ करमणुकीचा प्रकार म्हणून पाहणे संशोधकाला परवडणारे नाही. १९७७ पासून रत्नागिरीचे आकाशवाणी केंद्र या प्रदेशाचा आवाज प्रक्षेपित करीत आले आहे. त्याखेरीज खाजगी घरांत कथनांच्या ध्वनिफिती आहेत. जेथे दरसाल तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे चुंबकीय फितीला बुरशी लागण्यास फार काळ लागत नाही. छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास देणे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक केले. ध्वनिमुद्रित कथेसाठी त्या कायद्यात तशी तरतूद नाही. वर्गणी भरून ऐकल्या जाणाऱ्या श्राव्य पुस्तकाची प्रत तर श्रोत्याच्या हातीही उरत नाही. संस्थेने ते मागे घेतले की पाठ संपला.

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झाले. छापील ग्रंथ जपण्याची एवढी जुनी परंपरा असलेल्या नगरात बोललेली कथा जपण्यास प्रारंभ करणे अशक्य नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उपलब्ध ध्वनिमुद्रणांची सूची करावी. तिच्यात निवेदकाचे नाव, त्याचा मूळ प्रदेश, मुद्रणाचे वर्ष आणि आधारास घेतलेली आवृत्ती नोंदवावी, तसेच छापील व कथित पाठांतील भेद टिपावेत. हस्तलिखितांच्या बाबतीत आपण पाठभेदांची जी शिस्त पाळतो, तीच येथे लागू करावयाची आहे. फरक इतकाच, की हस्तलिखित शतकभर वाट पाहू शकते. फितीवरचा आवाज तितका काळ थांबणार नाही.