जपानी चित्रकथेची वंशावळ : चित्रपट्टापासून मांगापर्यंत

जपानच्या दृश्यसंस्कृतीचा इतिहास सांगताना एक वंशावळ बहुधा गृहीत धरली जाते. क्योतो येथील कोझान-जी मठाचे ‘चोजू-गिगा’ हे चित्रपट्ट म्हणजे मूळ, एदो काळातील काष्ठठशांची चित्रे म्हणजे खोड आणि आजची मांगा म्हणजे त्याचा फुलोरा, असा हा वृक्ष रेखाटला जातो. ही मांडणी आकर्षक आहे, यात संशय नाही. परंतु आकर्षक मांडणी आणि सिद्ध इतिहास या दोन भिन्न गोष्टी होत. या वंशावळीतील कोणते दुवे पुराव्यावर टिकतात आणि कोणते टिकत नाहीत, याची छाननी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

‘चोजू-गिगा’चे एकूण चार पट्ट आहेत. त्यांपैकी पहिले दोन बाराव्या शतकातील व उरलेले त्यानंतरचे मानले जातात. म्हणजे ही एका हाताची कृती नव्हे. तोबा सोजो या नावाने प्रसिद्ध असलेल्या काकुयू (१०५३–११४०) या भिक्षूकडे तिचे कर्तृत्व परंपरेने दिले जाते. त्यास निर्णायक आधार नाही. कुस्ती खेळणारे ससे व बेडूक, मर्कटाने चालविलेली पूजा, हे सारे केवळ शाईच्या रेषेने चितारले आहे आणि सोबत एकही शब्द लिहिलेला नाही. चित्र व शब्द यांचा संयोग हे ज्या मांगेचे प्रधान लक्षण, तिचे मूळ निःशब्द चित्रांत शोधले जावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कथनाच्या दृष्टीने पाहता त्याच शतकातील ‘शिगिसान एंगी’ हा पट्ट अधिक महत्त्वाचा ठरतो. भावाच्या शोधार्थ निघालेली एक भिक्षुणी तोदाई-जीच्या महाबुद्धासमोर रात्र घालविते. तिचे येणे, प्रार्थना, निद्रा आणि पुढील प्रयाण हे सर्व चित्रकाराने एकाच मंदिरदृश्यात, तिची आकृती पुनःपुन्हा काढून दाखविले आहे. पट्ट उजवीकडून डावीकडे हातभर उलगडत व मागचा भाग गुंडाळत पाहावयाचा असल्यामुळे काळाची गती प्रेक्षकाच्या हाती राहते. ही निःसंशय परिपक्व कथनपद्धती होय. मात्र असे पट्ट दरबार, सरदारघराणी व मठ यांच्या आश्रयाने निर्माण झाले. सामान्य वाचकवर्ग त्यांना नव्हता.

तो वर्ग एदो काळात (१६०३–१८६८) उदयास आला. व्यापारामुळे वाढलेली नगरे, साक्षरतेचा प्रसार, काष्ठमुद्रणाची स्वस्ताई आणि भाड्याने पुस्तके पुरविणारे फिरते व्यावसायिक यांच्या योगाने चित्र ही विकाऊ वस्तू झाली. १७६५ मध्ये सुझुकी हारुनोबूच्या बहुरंगी ठशांनी या व्यवसायास नवे वळण दिले. १७७५ मध्ये कोइकावा हारुमाची याचे ‘किनकिन सेन्सेइ एइगा नो युमे’ हे पुस्तक निघाले आणि पिवळ्या वेष्टणाच्या, म्हणून ‘किब्योशी’ म्हटल्या जाणाऱ्या, प्रौढांसाठीच्या चित्रपुस्तकांची परंपरा सुरू झाली. यांत प्रत्येक पानावर चित्र असून आकृतींच्या भोवतालच्या रिकाम्या जागेत मजकूर व संवाद कोरलेले असत. चित्र व अक्षर एकाच फळ्यावर कोरले जात असल्याने त्यांची फारकत करण्याचे कारणच नव्हते.

या पुस्तकांचे सामर्थ्य राज्यकर्त्यांच्या भीतीवरून मोजता येते. कान्सेइ सुधारणांच्या काळात, १७८९ मध्ये, राजनीतीच्या उपहासाबद्दल हारुमाचीस जाब देण्यासाठी बोलावणे आले. त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. १७९१ मध्ये सान्तो क्योदेन या लेखकास पन्नास दिवस हातकडीत ठेवण्यात आले व त्याचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो याची निम्मी मालमत्ता जप्त झाली. १८०४ मध्ये चित्रकार उतामारोसही हातकडी पडली. वंशवृक्षाच्या सुबक रेखाटनात या शिक्षांना जागा मिळत नाही, ही त्याची मोठी उणीव होय.

‘मांगा’ या शब्दानेही पुष्कळ घोटाळा केला आहे. १८१४ पासून निघालेले ‘होकुसाइ मांगा’ हे पंधरा भागांचे पुस्तक कथा सांगत नाही. ते शिकाऊ चित्रकारांना उपयोगी पडणाऱ्या स्फुट रेखाटनांचा संग्रह आहे. नावाचे साम्य हा वंशसंबंधाचा पुरावा नव्हे.

मेइजी काळात (१८६८–१९१२) खरा खंड पडला. खिळ्यांची छपाई व शिळाछाप आल्यावर अक्षर आणि चित्र यांचे एकत्र कोरणे संपले. चार्ल्स वर्गमन या इंग्रज चित्रकाराने १८६२ मध्ये योकोहामा येथे ‘जपान पंच’ काढले होते. त्यावरूनच व्यंगचित्रास ‘पोंची-ए’ हे नाव रूढ झाले. त्या नावास आलेला हलकेपणा टाळून ‘मांगा’ हा शब्द नव्या अर्थाने प्रतिष्ठित करण्यात किताझावा राकुतेन याचा वाटा मोठा आहे. ‘जिजी शिंपो’ या वृत्तपत्रात १९०२ पासून त्याचे ‘जिजी मांगा’ हे पान निघू लागले. १९२३ मध्ये ‘ब्रिंगिंग अप फादर’ या अमेरिकन चित्रमालिकेचे भाषांतर जपानी वाचकांपुढे आले. पात्राच्या मुखातून निघणाऱ्या शब्दांच्या फुग्याची पद्धत अशा मालिकांमुळे रुळली, हे आइके एक्सनर यांनी २०२१ मधील ग्रंथात साधार दाखविले आहे.

येथे एक योगायोग लक्षणीय आहे. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, होसोकिबारा सेइकी याचा ‘निहोन मांगाशी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मांगेचा इतिहास तोबा सोजोपर्यंत मागे नेला गेला. परकीय प्रभाव ऐन भरात असतानाच स्वदेशी पूर्वज शोधले जावेत, हे स्वाभाविक होते. परंतु पुढील लेखकांनी ती मांडणी निष्कर्ष म्हणून न तपासता आरंभबिंदू म्हणून स्वीकारली.

त्यानंतरचा विस्तार सुपरिचित आहे. तागावा सुइहो याची ‘नोराकुरो’ ही सैनिक श्वानाची मालिका १९३१ ते १९४१ पर्यंत चालली. युद्धोत्तर काळात, १९४७ मध्ये, तेझुका ओसामू याच्या ‘शिन ताकाराजिमा’ने चलच्चित्राची गती कागदावर आणली. १९५९ मध्ये दोन बालसाप्ताहिके एकाच वेळी सुरू झाली आणि १९९४ च्या अखेरीस ‘शोनेन जंप’ या एका साप्ताहिकाचा खप पासष्ट लाखांवर गेला.

या सर्व विवेचनावरून असे दिसते की, बाराव्या शतकापासून अखंड वाहत आलेली शैलीची धारा सिद्ध करता येत नाही. जे सातत्य आढळते ते वेगळ्या स्वरूपाचे आहे : चित्र विकत किंवा भाड्याने घेऊन ‘वाचणारा’ नागर वाचक, त्याची नाडी ओळखणारा प्रकाशक आणि त्या दोघांवर नजर ठेवणारी सत्ता, ही त्रयी एदो काळापासून पुनःपुन्हा प्रकट होते. १९३८ मध्ये गृहखात्याने बालवाङ्मयावर निर्बंध घातले, तेव्हाही हाच संबंध नव्या वेषात दिसला. म्हणून मांगेच्या अभ्यासकाने सशाबेडकांच्या पट्टापाशी अवश्य थांबावे. परंतु तिचा इतिहास शोधण्यासाठी त्याने मठाच्या भांडाराइतकेच त्सुतायाच्या दुकानाकडे वळले पाहिजे.