कुंभारणीचं सुगड

मृगाच्या सरी पडून गेल्या की आमच्या मागच्या पडवीत ती येते. तांबूस-पिवळी, दोऱ्यासारख्या कमरेची. कुंडीखालच्या बशीतलं पाणी पोटात भरून घेते, गुलाबाच्या आळ्यातल्या कोरड्या मातीवर ते ओकते आणि जबड्यानं माती मळते. वाटाण्याहून लहान गोळी घेऊन दाराच्या चौकटीवर जाते, गोळी पसरून पातळ पट्टी करते, त्या पट्टीवर दुसरी. दोन-तीन तासांत सुगडाच्याच घाटाचं इवलंसं मडकं उभं राहतं: गोल पोट, आखूड मान, बाहेर वळलेला काठ. चाक नाही, थापटणं नाही.

मराठीनं हिला कुंभारीण म्हटलं, कुंभार नाही. हे नाव मला फार मोलाचं वाटतं, कारण या माशीच्या कुळात घर बांधणं, शिकार आणणं, अंडं घालणं सगळं मादीच करते. नर मातीला तोंडही लावत नाही.

नावाच्या मागे मात्र जुनी, मोठी कथा आहे. संस्कृतात हिचं एक नाव पेशस्कृत्. पेशस् म्हणजे नक्षीदार, घडवलेलं रूप. बृहदारण्यक उपनिषदात याच कुळातला 'पेशस्कारी' शब्द येतो. तिथे तो सोन्याचा तुकडा घेऊन नवं, अधिक सुंदर रूप घडवणाऱ्या कारागिरासाठी आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश इथून सुरुवात करून तो शेवटी येतो या माशीपाशी. एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत याच स्कंधावरची टीका पुरी केली आणि कुंभारीण मराठी कीर्तनात, घराघरांतल्या पोथीत गुरू होऊन बसली.

ती शिकवते काय? माशी अळी आणून घरात कोंडते. अळी भीतीनं अहोरात्र तिचंच ध्यान करते आणि शेवटी तीच माशी होते. हाच भ्रमर-कीटक न्याय. सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला याच दाखल्यानं समजावतो, की कंस-शिशुपालांसारखे वैरीही सतत कृष्णाचाच विचार करत राहिले म्हणून त्याला जाऊन मिळाले.

ही समजूत आभाळातून पडलेली नाही. ती पाहणाऱ्यांच्या डोळ्यांतूनच आली आहे. अळी आत जाताना दिसते. तोंड मातीनं बंद होतं. काही आठवड्यांनी भोक पाडून माशी बाहेर येते. मधल्या काळात आत काय झालं ते भिंतीआड राहतं. शिवाय गुणगुण असतेच. ओल्या चिखलाची लांबट घरं बांधणारी, कोळी पकडणारी तिची दूरची बहीण चिखल लावताना अंग थरथरवते आणि त्या कंपनानं चिखल सैल होऊन नीट बसतो. ऐकणाऱ्याला मात्र ती अळीच्या कानात मंत्र सांगते आहे असं वाटलं, तर नवल नाही.

चीनमध्येही लोकांना अगदी हेच दिसलं, पण अर्थ वेगळा लागला. तिथल्या प्राचीन काव्यसंग्रहात माशी अळीची पिल्लं उचलून नेते. पुढे लोक म्हणू लागले की माशी त्यांना 'माझ्यासारखी हो' असं विनवते. अळीचं नाव, मिंगलिंग, दत्तक मुलासाठी रूढ झालं. आपण मोक्ष पाहिला, त्यांनी दत्तकविधान. तिथेच ताओ होंगजिंग (४५६–५३६) या वैद्यानं हे साफ नाकारलं. त्यानं लिहिलं की माशी बाजरीच्या दाण्याएवढं अंडं घालते, दहाएक कोळी भरून तोंड बुजवते आणि ते कोळी म्हणजे तिच्या पिल्लाची शिदोरी.

फ्रान्समध्ये झाँ-आँरी फाब्र यानं मडक्याला चक्क खिडकी पाडली. १८८२ मध्ये आलेल्या त्याच्या कीटकांवरच्या लेखमालेच्या दुसऱ्या खंडात ते वर्णन आहे. अळ्या डंखानं बधिर झालेल्या असतात, पण मेलेल्या नसतात. त्या वळवळतात. त्यांच्यात पडलेलं अंडं चेंगरलं असतं. म्हणून माशी अंडं छताला बारीक तंतूनं टांगते, आणि तेही शिकार आणण्याआधी.

हे वाचून कितीतरी वर्षं झाली होती. गेल्या पावसाळ्यात दाराला रंग द्यायला आलेल्या माणसाच्या पत्र्यानं एक मडकं खरवडलं गेलं. तुकडे मी तळहातावर घेतले. आत पाच हिरव्या अळ्या होत्या, भेंडीच्या बीपेक्षा फार लांब नसलेल्या. काडी लावली तर दोघींनी शेपटी हलवली. घुमटाचा तुकडा उजेडात धरला. केसाहून बारीक तंतूला पांढुरकं, किंचित वाकलेलं अंडं लोंबत होतं. माझ्या श्वासानं ते हललं.

तुकडा काड्यापेटीत ठेवून वर पाहिलं. ती सहावी अळी जबड्यात धरून परत आली होती आणि रंगाच्या वासातून मोकळ्या चौकटीवर मडक्याची जागा चाचपत होती.