सर्पगंधा आणि डॉ. वकील

'हें तर आमच्या पूर्वजांना ठाऊकच होतें,' हें वाक्य ऐकलें कीं आम्हांस मोठें समाधान वाटतें, आणि पुढील चौकशी बहुधा तेथेंच थांबते. ह्या समाधानावर उतारा म्हणून सर्पगंधा ह्या वनस्पतीचा विसाव्या शतकांतील इतिहास वाचण्यासारखा आहे. त्यांतील मुख्य प्रसंग मुंबईंतच घडलेला असल्यामुळें तो आमच्या वाचकांस परका वाटूं नये.

सर्पगंधेचें मूळ सर्पदंशावर व उन्मादावर देण्याची चाल आपल्या देशांत जुनी आहे. बिहारकडे तर तें 'पागल की दवा' ह्याच नांवानें विकलें जाई. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, हें मूळ उन्मादाप्रमाणें वाढलेल्या रक्तदाबावरही गुणकारी आहे. त्याच वर्षीं दिल्लीस सलीमुझ्झमान सिद्दिकी ह्यांनीं मुळांतून कांहीं द्रव्यें वेगळीं काढलीं व त्यांपैकीं एकास हकीम अजमल खान ह्यांच्या नांवावरून 'अजमलीन' म्हटलें. म्हणजे वाट सांपडली होती. परंतु पश्चिमेकडील वैद्यकानें तिची फारशी दखल घेतली नाहीं.

ती दखल घ्यावयास लावली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनीं. १९११ सालीं जन्मलेले हे पारशी गृहस्थ लंडनमध्यें वैद्यक शिकून परतले होते व के. ई. एम. रुग्णालयांत काम करीत होते. १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्यें त्यांचा एक लहानसा निबंध आला. रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांस ह्या मुळाच्या गोळ्या दिल्यावर दाबांत किती उतार पडला, हें त्यांत आंकड्यांनीं मांडलें होतें. निबंधाचें बळ औषधाच्या प्राचीनतेंत नव्हतें. तें मोजमापांत होतें. म्हणूनच तो परक्या देशांतील वैद्यांनाही पटला. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स ह्यांनीं हें औषध तेथें वापरून पाहिलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं मुळांतील प्रभावी द्रव्य, रेझर्पिन, वेगळें केलें. आणि १९५७ सालीं डॉ. वकिलांस अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें.

रेझर्पिनचें कार्य मोठें मनोवेधक आहे. मज्जातंतूंच्या टोकांशीं नॉरॲड्रेनलिन नांवाचें द्रव्य सांठविलेलें असतें. तें सुटलें कीं रक्तवाहिन्या आवळतात व दाब चढतो. रेझर्पिन हा सांठाच रिता करतें. मग वाहिन्या सैलावतात व दाब उतरतो. १९६७ सालीं अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून प्रसिद्ध झालेल्या चांचणींत रेझर्पिन दुसऱ्या दोन औषधांबरोबर दिलें होतें. फार चढलेला दाब उतरविल्यास पक्षाघातासारखीं संकटें टळतात, हें त्या चांचणीनें दाखवून दिलें.

परंतु हा सांठा मेंदूंतही असतो, व तोही रिता होतो. कित्येक रोग्यांस, विशेषतः मात्रा मोठी असतां, खिन्नतेनें ग्रासल्याचें आढळलें. पुढें अधिक निर्धोक औषधें निघालीं व रेझर्पिन मागें पडलें. हीही हकीकत सांगितलीच पाहिजे. कारण औषधाचा गुण ज्या वृत्तीनें उजेडांत आणिला, तिनेंच त्याचा दोषही लपूं दिला नाहीं.

आज मुंबईंत काय किंवा नव्या मुंबईंत काय, पुष्कळ घरांत रक्तदाब मोजण्याचें यंत्र असतें. आणि कोणी सांगितली म्हणून मुळी उगाळून घेऊन चालूं गोळ्या सोडणारेही त्याच घरांत आढळतात. 'झाडपाल्यानें अपाय होत नाहीं' असें त्यांना वाटतें. सर्पगंधेचा इतिहास नेमकें उलट सांगतो. जी मुळी रक्ताचा दाब उतरवूं शकते, ती मनाचा तोलही ढळवूं शकते. तिची मात्रा जाणत्या वैद्यानेंच ठरवावी. पूर्वजांचा अनुभव ही मोठी ठेव आहे ह्यांत शंका नाहीं. पण ठेव मोजून घ्यावयाची असते. डॉ. वकिलांनीं ती मोजली, आणि मगच जगापुढें ठेवली. पूर्वजांचा मान राखण्याची याहून चांगली रीत आम्हांस तरी दिसत नाहीं.