पन्नास हजार खोल्यांचे वचन: बीडीडी चाळी, बॅकबे आणि सरकारला विचारलेला हिशेब

१/
१९२० साली मुंबई सरकारने एक मोठे वचन दिले: शहरातील कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचे. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या त्या सुमारे साडेसोळा हजार. राहायला जागा नाही म्हणून लोक जिन्याखाली आणि पदपथावर झोपत होते, त्याच शहरात यांपैकी कित्येक खोल्या काही वर्षे रिकाम्या पडून होत्या. हे कसे घडले, आणि त्याचा जाब कोणी कोणाला विचारला, त्याची ही कथा.

२/
आरंभ करावा लागतो तो १८९६ पासून. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. पुढील काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावी गेले, गिरण्या ओस पडल्या, व्यापार ठप्प झाला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि तुंबलेली गटारे हेच रोगाचे मूळ, असा निष्कर्ष सरकारने काढला. १८९८ साली कायदा करून ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. लोकांच्या तोंडी त्याच्या इमारती ‘बीआयटी चाळी’ म्हणून राहिल्या.

३/
ट्रस्टने रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्याचीच कामे. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही त्याच्याच. परंतु रस्ता रुंद करायचा तर आधी त्यावरील घरे पाडावी लागतात. पाडकाम वेगाने झाले, बांधकाम मागे राहिले. उठवलेले कुटुंब शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत शिरले. एका ठिकाणची दाटी कमी झाली, ती दुसऱ्या ठिकाणी वाढली.

४/
ट्रस्टच्या चाळींना मराठी इतिहासात वेगळेही स्थान आहे. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे सहकुटुंब राहिले. परदेशातून पदव्या घेऊन आलेला हा विद्वान अशाच चाळीतून कायदेमंडळात आणि न्यायालयात जात असे. मुंबईत ‘एक खोली’ याचा अर्थ काय होतो, हे त्या पिढीला कोणा आयोगाने सांगण्याची गरज नव्हती.

५/
पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रश्न आणखी चिघळला. गिरण्यांना मागणी प्रचंड होती, त्यामुळे कोकण आणि देशावरून माणसे येतच राहिली. बांधकामाचे साहित्य मात्र महागले आणि घरमालकांनी भाडी चढवली. १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा युद्धकालीन कायदा करावा लागला. १९११ साली शहराची लोकसंख्या सुमारे ९.८ लाख होती. १९२१ साली ती पावणेबारा लाखांवर गेली. भाडे बांधून दिल्याने राहत्या भाडेकरूला आधार मिळाला, पण नवी खोली त्यातून निर्माण होत नव्हती.

६/
डिसेंबर १९१८ मध्ये जॉर्ज लॉइड गव्हर्नर म्हणून मुंबईत आले. वय चाळिशीच्या आत, स्वभाव धडाडीचा, आणि समित्यांच्या संथ कारभाराचा तिटकारा. युद्धोत्तर तेजीमुळे शहरात पैसा खेळत होता. नोव्हेंबर १९२० मध्ये त्यांनी ‘डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट’ हे स्वतंत्र खाते उभारले आणि सर लॉलेस हेपर यांना त्याचे प्रमुख नेमले. बीडीडी या नावाचा उगम या खात्यात आहे: बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट.

७/
खात्याच्या कामांत दोन ठळक होती. एक, कामगारांसाठी ५०,००० खोल्या. दुसरे, बॅकबेचा समुद्र हटवून १,१४५ एकर नवी जमीन मिळवणे. पहिल्या कामासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसला. दुसरे काम स्वतःचा खर्च स्वतःच भागवील, वर नफाही देईल, असे गृहीत होते. समुद्रातून निघालेली जमीन चढ्या दराने विकायची, एवढा तो सरळ हिशेब होता.

८/
येथे त्या काळची राज्यव्यवस्था समजून घ्यायला हवी. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत ‘द्विदल राज्यपद्धती’ आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी ‘सोपीव’ खाती कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे गेली. अर्थ, पोलीस, जमीन महसूल अशी ‘राखीव’ खाती गव्हर्नर व त्यांच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. विकासाचा हा सारा पसारा राखीव बाजूला होता.

९/
याचा व्यावहारिक अर्थ असा की निवडून आलेले सभासद प्रश्न विचारू शकत होते, भाषणे करू शकत होते, मागणी फेटाळूही शकत होते. परंतु राखीव खात्याची फेटाळलेली रक्कम ‘आवश्यक’ असल्याचे प्रमाणित करून गव्हर्नर ती खर्च करू शकत होते. कर भरणारा एक, खर्च करणारा दुसरा, आणि या दोघांना जोडणारा दुवा अतिशय कच्चा, अशी ती रचना होती.

१०/
आता बॅकबेच्या चिखलाकडे वळू. योजना अशी होती: कांदिवलीच्या खाणीतून दगड आणून समुद्रात लांबलचक भिंत घालायची. मग बंदराच्या तळाची माती ड्रेजरने उपसून, नळांतून कुलाब्याची चिंचोळी पट्टी ओलांडून, त्या भिंतीच्या आत ओतायची. सल्लागार अभियंते होते सर जॉर्ज ब्युकॅनन. ड्रेजरचे नावही ‘सर जॉर्ज लॉइड’ असेच ठेवण्यात आले.

११/
अडचण तळाशी होती, अगदी शब्दशः. बंदराच्या तळाची माती अपेक्षेहून कठीण निघाली, त्यामुळे ड्रेजरचा रोजचा उपसा अंदाजाच्या कितीतरी मागे पडला. जी माती भिंतीआड पडे, तिच्यातील काही दगडांच्या फटींतून पुन्हा समुद्रात निसटे. वेळापत्रक कोसळले आणि खर्चाचे अंदाज वर्षागणिक फुगत गेले. त्यातच युद्धोत्तर तेजी ओसरली आणि जमिनीचे भाव उतरले. ज्या नफ्यावर सारा डोलारा उभा होता, तो नफाच नाहीसा झाला. या प्रकाराला इंग्रजीत ‘लॉइडचा मूर्खपणा’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले.

१२/
चाळींची गोष्ट वेगळी असली तरी मूळ दोष तोच होता: कागदावरचा अंदाज आणि जमिनीवरची वस्तुस्थिती यांची गाठ कोणी घालून पाहिली नव्हती. वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या लांब बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला सामाईक शौचालये. काँक्रीटच्या या इमारती भक्कम होत्या, पण राहणाऱ्याचा विचार त्यांत फारसा नव्हता.

१३/
वरळी तेव्हा शहराच्या कडेला होती. तेथून गिरणीपर्यंतची पायपीट, जवळपास दुकानांचा अभाव आणि कामगाराच्या पगाराला न झेपणारे भाडे, या कारणांनी खोल्या भरेनात. बांधकाम महागात पडल्याने खर्च भरून काढणारे भाडे आकारणे अशक्य होते. कापसावरील कराचा टेकू देऊन ते कमी केले, तरीही खोल्या रिकाम्या राहिल्या. बर्नेट-हर्स्ट यांच्या १९२५ च्या मुंबईतील कामगार व घरांविषयीच्या ग्रंथापासून या चाळींवर टीका सुरू आहे. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांत सत्याग्रही कोंडले गेले.

१४/
१९२३ च्या निवडणुकीनंतर कायदेमंडळांचे वारे बदलले. १९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला होता. आता स्वराज्य पक्षाचे लोक आत आले. त्यांत मुंबईचे पारशी वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन ठळकपणे उठून दिसू लागले. त्यांचा जन्म १८८३ सालचा, ठाण्याचा. त्यांनी बॅकबेचा पिच्छा पुरवला. माती किती निघाली? ती मोजली कोणी? कंत्राटे कोणत्या अटींवर दिली? चुकीचा अंदाज कोणाच्या सहीचा? कायदेमंडळात आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’च्या स्तंभांत हे प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले.

१५/
दबाव वाढल्यावर १९२६ साली चौकशी समिती नेमावी लागली. अध्यक्ष होते अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मिअर्स. सदस्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. पुरेशी पूर्वतपासणी न करता एवढे मोठे काम हाती घेतल्याचे आणि अंदाज सदोष असल्याचे समितीच्या कामातून उघड झाले. योजना आवरती घेण्यात आली. तोवर लॉइड यांना मुंबई सोडून दोन वर्षे उलटली होती आणि १९२५ पासून ते इजिप्तमध्ये ब्रिटनचे हाय कमिशनर होते. निर्णय घेणारा निघून गेला होता, कर्ज मात्र मुंबई प्रांताच्या माथी राहिले.

१६/
नरिमन यांचे आरोप केवळ चुकांपुरते नव्हते, गैरव्यवहाराचेही होते. विकास खात्यातील अभियंता हार्वे यांनी त्यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला भरला. हा ‘हार्वे-नरिमन खटला’ देशभर गाजला. खटल्याचा परिणाम मात्र फिर्यादीच्या अपेक्षेच्या उलट झाला. ज्या कारभाराची चर्चा कायदेमंडळात ‘राखीव’ म्हणून आवरती घेता येत होती, त्याचीच उलटतपासणी आता भर न्यायालयात होऊ लागली. १९२८ साली नरिमन निर्दोष सुटले.

१७/
या लढ्याने नेमके काय साधले? बुडालेला पैसा परत आला नाही. १,१४५ एकरांपैकी सुमारे ४४० एकर जमीनच पुढे तयार झाली, आणि त्यातील २३५ एकरांचा कुलाब्याकडील तुकडा लष्कराला विकला गेला. ५०,००० खोल्यांचे वचन तर कधीच पुरे झाले नाही. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन झाला. परंतु एक पायंडा पडला: सरकारी योजनेचा अंदाज ही जाहीर तपासणीची गोष्ट आहे, आणि तो चुकला तर ‘का चुकला’ हे विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे.

१८/
दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच फसलेल्या योजनेने मिळालेल्या जमिनीवर आज चर्चगेटजवळील इमारती आणि मरीन ड्राइव्ह उभा आहे. एकेकाळी रिकाम्या असलेल्या बीडीडी चाळी पुढे तुडुंब भरल्या आणि गिरणी कामगारांच्या चार पिढ्या त्यांत वाढल्या. तेथे गणेशोत्सव रंगले, आंबेडकरी चळवळ फुलली, १९७४ साली वरळीच्या दंगलीचे घावही याच चाळींनी सोसले. सुमारे १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांच्या जागी आता म्हाडा ५०० चौरस फुटांची घरे बांधत आहे. म्हणून सारे व्यर्थ गेले असे म्हणता येत नाही. मात्र चांगला शेवट झाला म्हणून आधीच्या हिशेबाचा प्रश्न मिटतो, असेही नव्हे.

१९/
आणि शेवटी एका नावाविषयी. स्वातंत्र्यानंतर बॅकबेत पुन्हा भराव पडला. समुद्रातून निघालेल्या त्या टोकावर साठ-सत्तरच्या दशकांत उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि तेथील जमिनीचे भाव देशातील सर्वांत महागड्या जागांत गणले जाऊ लागले. त्या जागेला नाव मिळाले ते भरावाचा हिशेब मागणाऱ्या माणसाचे: नरिमन पॉइंट. रोज हजारो लोक तेथे उतरतात. पाटीवरचे नाव कोणाचे, आणि त्याने सरकारला नेमके काय विचारले होते, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.